अर्ध्या बोटाची चूक

१

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता चोरी उघडकीला आली आणि सव्वानऊ वाजून एक मिनिटानं माझ्यावर संशय आला. मधल्या मिनिटात मी चहा पीत होतो.

आमच्या शिलाई-कारखान्यात एका छपराखाली दोन धंदे चालतात. पुढच्या बाजूला कोटवाले, मागच्या बाजूला गणवेशवाली. इस्त्र्या सामाईक, कापायचं टेबल सामाईक आणि संगणकही सामाईक. त्या संगणकाचा राखणदार मी. दोघांचं एकमेकांशी फारसं पटत नाही, पण काही बिघडलं की माझ्याकडे बघायचं यावर मात्र दोघांचं एकमत आहे.

त्या संगणकात मास्तरांचा प्रोग्राम आहे. गिऱ्हाइकाची सात मापं भरली की शेजारचं यंत्र लांबलचक कागदावर कोटाचा खाका काढून देतं. तो कापडावर ठेवायचा, खडूनं आखायचं आणि कात्री चालवायची. मास्तरांनी चाळीस वर्षं कापणी केली. हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली, पासष्टाव्या वर्षी प्रोग्राम लिहायला शिकले आणि डोक्यात होतं नव्हतं ते सगळं त्यात ओतलं. आम्हाला तो वापरायला दिला तेव्हा त्यांची अट एकच होती. त्याची नक्कल या खोलीबाहेर जाता कामा नये. जन्मभर लोकांनी त्यांचे खाके ढापले होते. हे शेवटचं तरी आपलं राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

म्हणून मी बंदोबस्त केला. संगणक आतल्या, बिनखिडकीच्या खोलीत हलवला. इंटरनेट तोडलं. पेनड्राइव्ह खुपसायच्या खाचा सुतार वापरतात ती लांबी भरून बुजवल्या. फक्त एक ठेवली, मास्तरांना कधी काही दुरुस्ती करायची झाली तर, आणि ती लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात कोंडली. पिंजऱ्याला कुलूप, चावी माझ्या गळ्यात, आणि पिंजरा कधी कुणासाठी उघडला याची नोंद वहीत. एवढं सगळं करून मी स्वतःवर भलताच खूश होतो.

त्या सकाळी गणवेशवाली कागदाची गुंडाळी घेऊन आली. "दादा, एक बाई नवऱ्याचा कोट सैल करायला टाकून गेल्यात. तो ज्यावरून कापला तो कागदही दिलाय त्यांनी. जरा कोपरा बघा."

कागद पांढरा होता. आमचा तपकिरी असतो. मागच्या बाजूला पलीकडच्या रस्त्यावरच्या एका दुकानाचा शिक्का होता. पण कोपऱ्यात एक चिमुकली कात्री काढलेली होती आणि तिच्याखाली आकडा होता, एक. ही मास्तरांची खूण. प्रत्येक संगणकाला ते वेगळा आकडा देणार होते. एक म्हणजे आमचा. दोन हा आकडा अजून कुणाला मिळालाच नव्हता.

कोटवाल्यांनी लगेच मास्तरांना फोन लावला. असल्या कामात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मास्तरांचा आवाज आम्हालाही स्पष्ट ऐकू येत होता.

"पंधरा दिवसांपूर्वीच येऊन बाही दुरुस्त करून दिली, आणि त्याची ही परतफेड? चार वाजता येतो. प्रोग्राम काढून नेतो. आणि ज्याच्याकडे चावी आहे ना, तो त्या कारखान्यात राहिला तर माझं नाव घेऊ नका."

कोटवाल्यांनी फोन ठेवला. मग दोघंही माझ्या गळ्याकडे बघू लागले.

२

मी घरी आलो. बायकोला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो, तर दार सासूबाईंनी उघडलं.

माझ्या सासूबाई तीस वर्षं शाळेत शिकवायच्या. पण गावभर त्यांची ख्याती शिकवण्याबद्दल नव्हती, परीक्षेच्या हॉलमधल्या पहाऱ्याबद्दल होती. मोज्यातल्या चिठ्ठ्या, पट्टीवरची बारीक अक्षरं, बाहीच्या आत शिवलेले कागद, त्यांच्या तावडीतून काहीही सुटलं नाही. निवृत्त झाल्यापासून त्या आमच्याकडे राहतात आणि पहारा माझ्यावर असतो.

"अकरा वाजता घरी? काय झालं जावईबापू?"

मी सांगितलं. पिंजरा, खाचा, कात्री, आकडा, सगळं. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही. त्यामुळे मी बराच वेळ समजावत बसलो आणि शेवटी माझाच गोंधळ उडाला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "म्हणजे कॉपी झालीय."

"हो, पण ही संगणकातली कॉपी आहे आई. ती वेगळी."

"कॉपीत वेगळं काही नसतं. एकाच्या पेपरातलं दुसऱ्याच्या पेपरात जातं. कसं गेलं ते पोरं मला कधीच सांगायची नाहीत. मी ते विचारायचेही नाही. मी दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवायचे." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "चला. चारला अजून वेळ आहे."

जिना उतरता उतरता त्या मधल्याच पायरीवर थांबल्या.

"एक राहिलंच. तुमच्या स्वतःच्या बाहीत काय आहे?"

"माझ्या? काही नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचं ते 'बरं' ऐकून मी उरलेल्या पायऱ्या दोन दोन करून उतरलो.

३

कारखान्यात शिरल्याबरोबर कोटवाले ताडकन उठून उभे राहिले. पंचावन्न वर्षांचा माणूस, पण हात आपोआप पाठीमागे गेले.

"बस रे," सासूबाई म्हणाल्या. "भूगोलाचा पेपर. तळहातावर नद्या लिहून आणल्या होत्यास."

"बाई, आता कशाला..."

"मास्तरांशी तुझं भांडण झालं होतं म्हणे?"

कोटवाल्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. "झालं होतं. घरच्या संगणकावर मला तो प्रोग्राम हवा होता. ते नाही म्हणाले. मी चार शब्द बोललो, त्यांनी आठ ऐकवले. विषय संपला. पण चोरी करून तो शत्रूच्या दुकानाला कशाला देईन? माझीच गिऱ्हाइकं घालवायला?"

हे मला पटलं. मग लगेच वाटलं की पटावं म्हणूनच ते असं बोलत असतील. त्या दिवशी मला प्रत्येक जण पाच मिनिटं चोर आणि पाच मिनिटं साव वाटत होता.

"हा कागद नक्की याच प्रोग्रामचा आहे का, तेवढं बघून सांग," सासूबाई म्हणाल्या.

कोटवाल्यांनी तो पांढरा कागद टेबलावर पसरला, कानावरची लाल पेन्सिल काढली आणि बाहीपाशी एक फुली मारली. "आहे. शंभर टक्के आहे. खांद्याचा हा उतार दुसऱ्या कुणाला जमत नाही."

"ती फुली कसली मारलीस?"

"ही? सवयीनं मारली." ते जरा ओशाळले. "प्रोग्राममध्ये एक चूक आहे. बाही खांद्याला जिथे जोडायची, ती खूण अर्धं बोट खाली येते. तशीच शिवली तर हात वर केला की कोट वर चढतो. आम्ही प्रत्येक कागदावर हातानं खूण अर्धं बोट वर घेतो. आता तर हात न बघताच जातो. महिनाभर मास्तरांना सांगतोय. ते म्हणतात, मी येऊन दुरुस्त केली. कसली दुरुस्त! ते इकडे फिरकलेलेच नाहीत. चूक कबूल करायची नाही, दुसरं काय."

मी वही काढून दाखवली. मास्तरांसाठी पिंजरा उघडल्याची शेवटची नोंद पाच आठवड्यांपूर्वीची होती.

सासूबाईंनी टेबलावरचे बाकीचे तपकिरी कागद चाळले, मग पांढरा कागद काळजीपूर्वक गुंडाळून काखेत घेतला आणि गणवेशवालीकडे वळल्या. ती विचारायच्या आधीच बोलायला लागली. "मला माहितीये तुम्ही काय विचारणार. हो, माझा दीर त्या दुकानात आहे. काजं करतो. पण तो कसला संगणकातलं चोरतोय! त्याला घरातला पंखा कुठल्या बटणावर लागतो ते पाच वर्षांत कळलेलं नाही."

"मास्तर शेवटचे आले तेव्हा कसे होते?"

"कसे म्हणजे? नेहमीसारखे. नाकावर राग." ती थोडी हसली. "आल्या आल्या टोपी काढून दारामागे अडकवायला गेले. तिथे काही नाहीच अडकवायला. टोपी पडली खाली. मी उचलून दिली. जाताना परत दारामागे शोधत होते. म्हटलं, मास्तर, टोपी टेबलावर आहे."

यात विचारण्यासारखं काय होतं ते मला कळेना. घड्याळात साडेबारा वाजले होते आणि सासूबाई टोपीबद्दल विचारत होत्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दीर! तोच असणार."

"काय घेऊन आणि कुठून? पिंजऱ्यातून?"

"चावीची नक्कल केली असेल."

"चावी तुमच्या गळ्यात असते. झोपेतही." त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आता बाही झटका, जावईबापू."

४

मी झटकली.

पिंजरा बसवला त्या दिवसाची गोष्ट. बंदोबस्त पक्का आहे का हे बघायला हवं होतं, म्हणून मीच चोर होऊन पाहिलं. कुलूप न उघडता चोरी जमली नाही. मग कुलूप उघडून पाहिली. तशी जमली. पेनड्राइव्ह हातात आला आणि तो पुसून टाकायचा माझा जीव होईना. संगणक जुना, कधी मान टाकेल याचा नेम नाही. त्यात एका माणसाची चाळीस वर्षं. म्हणून तो पेनड्राइव्ह मी बायकोच्या बटणांच्या डब्यात, तळाशी, दडवून ठेवला. वहीत नोंद केली नाही. मास्तरांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

"म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून नेमलेल्या माणसानं पहिली कॉपी केली," सासूबाई म्हणाल्या.

मी मान खाली घातली. भर रस्त्यात, लोक बघत असताना.

आम्ही घरी परत गेलो. डबा उघडला. बटणं ताटात ओतली. पेनड्राइव्ह होता तिथेच होता, पण त्यानं माझं समाधान होईना. बायकोनं तो कुणाला दिला असेल आणि परत आणून ठेवला असेल तर? मी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तर ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मला ते मोडकं काळं बक्कल वाटलं होतं." मला स्वतःचीच लाज वाटली. पण खरं सांगतो, त्या क्षणी कुणी शपथेवर विचारलं असतं, तर चोर मीच आहे असं मी कबूल करून टाकलं असतं. सगळे पुरावे माझ्याकडेच बोट दाखवत होते आणि मला ते खोडता येत नव्हते.

"यातला प्रोग्राम कधीचा?" सासूबाईंनी विचारलं.

"तीन महिन्यांपूर्वीचा."

"आणि बाहीची चूक?"

"ती तर पहिल्यापासून आहे. मोठ्या मापाचे कोट महिन्याभरापूर्वी आले, तेव्हा ध्यानात आली."

त्यांनी पेनड्राइव्ह पदराच्या टोकाला बांधला. "चला त्या दुकानात. आणि तिथे तुम्ही तोंड उघडायचं नाही."

५

दुकान लहान पण नीटनेटकं होतं. कापायचं टेबल मध्ये, आणि संगणक रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीपाशी, सगळ्यांना दिसेल असा उघड्यावर. जाळी नाही, कुलूप नाही. बघूनच मला घाम फुटला. पडद्यावर मास्तरांची कात्री दिसत होती आणि कात्रीखाली एक.

मालक चाळिशीचा, शांत माणूस होता. सासूबाईंनी कागद पुढे केला तेव्हा तो दचकला नाही. नुसता थकल्यासारखा दिसला.

"हा माझ्याच दुकानातला आहे," तो म्हणाला.

"प्रोग्राम कुठून आला?"

"मी चोरलेला नाही."

"मी तसं म्हटलंच नाही. कुणी दिला?"

"ते मी सांगणार नाही."

"मास्तर तुमच्यावर तक्रार करणार आहेत," मी तोंड उघडलंच. "तुम्हाला सगळे चोर म्हणतील. आणि माझी नोकरी जाईल ती वेगळीच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मला दया दिसली, आणि तिचा मला फार राग आला. "तुमच्याबद्दल वाईट वाटतं," तो म्हणाला. "पण चोर म्हणतील तर म्हणू देत. मास्तरांनीच मला कात्री धरायला शिकवली. याच टेबलावर. त्यांच्याबद्दल माझ्या तोंडून काही निघायचं नाही."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिष्य! गुरूची विद्या हवी होती, गुरूनं दिली नाही, म्हणून उचलली. मी सासूबाईंना खुणावलं. पण त्या भलतीकडेच बघत होत्या. खिडकीजवळची एक जुनी खुर्ची रिकामी होती. दोन कारागीर उभ्यानं चहा पीत होते, तरी तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

सासूबाई दारापर्यंत गेल्या आणि दार अर्धं लोटून त्याच्यामागे पाहिलं. तिथे भिंतीत एक लाकडी खुंटी होती. वर्षानुवर्षांच्या वापरानं गुळगुळीत झालेली, आणि जरा खालीच ठोकलेली, बुटक्या माणसाच्या हाताला येईल अशी. मास्तर बुटके आहेत, एवढं माझ्या लक्षात आलं. त्यापुढे काही आलं नाही.

"चार वाजता कारखान्यात या," त्या मालकाला म्हणाल्या. "तुम्ही गप्प राहिलात तर मास्तर आणखी एका निरपराध माणसाला बुडवतील, आणि उद्या हे त्यांना कळलं तर ते त्यांना सोसायचं नाही. याल ना?"

मालकानं गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

६

सव्वातीन वाजता आम्ही कारखान्यात होतो. पांढऱ्या कागदाच्या कडेला सात मापं छापलेली होती. सासूबाईंनी तीच मापं मला आमच्या संगणकात भरायला लावली. आमच्या यंत्रानं तपकिरी कागदावर खाका काढला. मग त्यांनी पिंजरा उघडायला लावला आणि माझ्या पेनड्राइव्हमधल्या प्रोग्रामवरून तिसरा. पिंजरा उघडल्याची नोंद मी वहीत केली. सवय जात नाही.

तिन्ही कागद त्यांनी पुढच्या काचेच्या दारावर एकावर एक धरले. मागून ऊन येत होतं.

"बघा."

मी बघितलं. रेघा रेघांवर तंतोतंत बसल्या होत्या. "तिन्ही सारखेच आहेत."

"बाही बघा."

बाहीची खूण दोन्ही तपकिरी कागदांवर एकाच जागी होती. पांढऱ्या कागदावर ती अर्धं बोट वर होती. कोटवाल्यांची लाल फुली तिच्याहीवर आणखी अर्धं बोट.

"त्यानं बरोबर असलेल्या कागदावर दुरुस्ती केली," सासूबाई म्हणाल्या. "हात न बघताच गेला. तिथेच मला खटकलं होतं, कारण बाकी सगळ्या फुल्या मी टेबलावरच्या कागदांवर पाहिल्या, त्या खांद्याच्या रेघेला नेमक्या टेकलेल्या. ही एकटीच रेघेबाहेर गेली होती."

"मग?"

"तीस वर्षं मी हेच बघत आले. कॉपी करणाऱ्याच्या पेपरात मूळ पेपरातली चूक जशीच्या तशी येते. वर स्वतःच्या दोन येतात. पण मूळ पेपरात चूक, आणि कॉपीत उत्तर बरोबर? तसं झालं, तर ती तुमच्याकडून केलेली कॉपीच नाही."

"कुणीतरी नेल्यावर दुरुस्त केली असेल."

"तुम्ही करू शकाल?"

"छे. प्रोग्रामच्या आत शिरायला परवलीचा शब्द लागतो. तो फक्त मास्तर..." मी थांबलो. मग माझा पारा चढला. "म्हणजे म्हाताऱ्यानंच दिला! स्वतः नेऊन दिला आणि इथे आमच्यावर दात ओठ खातोय! फसवतोय आपल्याला!"

"फसवणारा माणूस चार वाजता सगळ्यांसमोर येईन म्हणत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "मला तर वाटतं, तो खोटं एक अक्षर बोललेला नाही."

मला काही म्हणजे काही कळलं नाही. दारात मास्तर उभे होते.

७

मास्तर आत आले, टोपी काढली, आणि त्यांचा हात दारामागे गेला. टोपी जमिनीवर पडली. गणवेशवालीनं ती उचलली, पण या वेळी ती हसली नाही.

"चावी," खुर्चीत बसत मास्तर मला म्हणाले.

मी गळ्यातून चावी काढत होतो तेवढ्यात सासूबाई पुढे झाल्या. परीक्षेत त्या कधी कुणाचं नाव घेऊन ओरडत नसत. त्या जाऊन बाकाशेजारी उभ्या राहत, एवढंच. तशाच त्या मास्तरांच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.

"मास्तर, बाहीची चूक तुम्ही दुरुस्त केलीत."

"केली. पंधरा दिवसांपूर्वी, शनिवारी. या लोकांना विचारा, कबूल करतात का."

"स्वतः येऊन?"

"मग काय! पेनड्राइव्ह खिशात घालून आलो. बघतो तर प्रोग्रामच जागेवर नाही. म्हटलं, यांनी काहीतरी घोळ घातला. अख्खा पुन्हा घातला, बाही दुरुस्त केलेला."

"कुठे बसून?"

"माझ्या खुर्चीत. खिडकीजवळ."

कोटवाल्यांनी तोंड उघडलं. सासूबाईंनी नुसता हात वर केला आणि ते मिटलं.

"टोपी कुठे ठेवली होतीत?"

"कुठे म्हणजे? दारामागच्या खुंटीला."

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. ते उठले. दारापाशी गेले आणि भिंतीवरून हात फिरवू लागले, खालपासून वरपर्यंत, कापडातली गाठ शोधावी तसे. भिंत कोरी होती. मग त्यांनी आतल्या खोलीच्या चार बंद भिंतींकडे पाहिलं. मापाचा माणूस. खिडकी नाही हे त्यांना मोजायला लागलं नाही.

"मग त्या शनिवारी मी कुठे गेलो होतो?" ते म्हणाले.

इतकं केविलवाणं मी कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. सकाळपासून मी या माणसाला मनात किती शिव्या दिल्या होत्या, त्या सगळ्या मी मनातच परत घेतल्या.

"आपल्या जुन्या दुकानात आला होतात, मास्तर. चाळीस वर्षं जिथे कापणी केलीत, तिथे."

पलीकडच्या दुकानाचा मालक दारात उभा होता. कधी आला ते कुणाला कळलं नव्हतं.

"तुम्ही टोपी अडकवलीत, खुर्चीत बसलात, आणि मला म्हणालात, आता बाही बरोबर बसेल. मी काय बोलणार? तुम्हाला घरी सोडून आलो." त्यानं मास्तरांना धरून खुर्चीपाशी आणलं. "तो प्रोग्राम मी काढून टाकायला हवा होता. पण एकच कोट कापला मी त्यावर. तुमचा हात पुन्हा एकदा बघायचा होता."

मास्तर खाली बसले. मग मला म्हणाले, "नक्कल होऊ नये म्हणून तुमच्याकडून एवढा पिंजरा करून घेतला. आणि चोर बसलाय इथे." त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "रोज थोडं थोडं नेतोय. मला वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येत नाही."

गणवेशवाली पदरानं डोळे पुसत होती. कोटवाले उगाचच टेबलावरचे खडू एका रांगेत लावत होते.

"मास्तर, मला माफ करा," कोटवाले शेवटी म्हणाले. "चूक कबूल करत नाही असं म्हणालो मी तुम्हाला."

मास्तरांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते माझ्याकडेच बघत होते. "तुमच्याकडे याची आणखी एखादी नक्कल आहे का?"

मी हातातली चावी टेबलावर ठेवली. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. तीस वर्षांत त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं.

"आहे," मी म्हणालो. "तुम्हाला न विचारता केली होती. बाही चुकलेली."

मी ओरडा खायच्या तयारीत होतो. मास्तरांनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला.

"बरं झालं," ते म्हणाले. "ती आज दुरुस्त करू. आणि आणखी करा. याला एक, यांना घरी एक, तुमच्याकडे एक. जितक्या होतील तितक्या करा. मला अजून परवलीचा शब्द आठवतोय, तोवर."

८

त्या दिवशी सहा वाजेपर्यंत आम्ही बसलो. मास्तरांनी बाही दुरुस्त केली, आणि खाचांमधली लांबी मी स्क्रूड्रायव्हरनं उकरून काढली. भरताना एक दिवस लागला होता, काढताना दोन तास. सासूबाईंनी माझ्या कबुलीबद्दल एक शब्दही काढला नाही. फक्त घरी जाताना म्हणाल्या, "बटणांचा डबा आता मुलीला परत द्या."

दुसऱ्या दिवशी मी पलीकडच्या दुकानात जाऊन खुंटीची उंची मोजून आणली आणि आमच्या दारामागे तेवढ्याच उंचीवर एक ठोकली. मालकानं आपल्याकडची जुनी खुर्चीही द्यायची तयारी दाखवली. मी म्हटलं, ती तिथेच असू दे, ते तिकडेही येतील.

बुधवारी मास्तर आले. टोपी काढून न बघता दारामागे अडकवली, ती तिथेच राहिली. त्यांनी चारी बाजूंना नजर टाकली. आपण कुठे आहोत हे त्यांना कळलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

"माझा प्रोग्राम आहे ना जागेवर?" त्यांनी विचारलं.

"आहे, मास्तर," मी म्हणालो आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. त्याला आता कुलूप नसतं.